फेरफार, फाइल आणि लॉक

वऱ्हाडात तलाठ्याला आजही पटवारीच म्हणतात. चिखली तालुक्यातली उंद्री घ्या की शेजारचं कुठलंही गाव, फेरफाराची नोंदवही एकच असे आणि ती पटवाऱ्याच्या दप्तरात. एका वेळी लिहिणारा हात एकच, त्यामुळे नोंदींची टक्कर होत नसे. १९६६च्या जमीन महसूल संहितेनं क्रमही ठरवून दिला: पटवाऱ्यानं नोंद घ्यायची, चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची, मग मंडळ अधिकाऱ्यानं ती प्रमाणित करायची.

संगणकावर ही शिस्त आपोआप येत नाही. समजा, एकाच गटाची नोंद दोघांनी उघडली. एकानं वारस चढवला, दुसऱ्यानं बँकेचा बोजा. दोघांसमोर जुनीच नोंद होती. बोजावाल्यानं नंतर 'सेव्ह' केलं, की त्याच्या नोंदीखाली वारस गायब! हे टाळायचं तर एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवावं लागतं; यालाच फाइल 'लॉक' करणं म्हणतात.

तरीही बेल लॅब्जच्या युनिक्स या संगणकप्रणालीत सुरुवातीला फाइल लॉक करायची सोयच नव्हती. युनिक्सचे कर्ते केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९७४च्या लेखात ठामपणे लिहिलं, की लॉकची गरज नाही आणि तो पुरेसाही नाही. गरज का नाही, तर अनेकांनी मिळून चालवायचा मोठा डेटाबेस त्यांच्याकडे नव्हताच. त्यांच्या प्रयोगशाळेपुरतं ते बरोबरच होतं.

पुढे युनिक्स प्रयोगशाळेबाहेर पडलं आणि सोय करावी लागली. बर्कले विद्यापीठाच्या १९८३च्या आवृत्तीत आख्खी फाइल लॉक होई, तर सिस्टिम फाइव्ह या दुसऱ्या आवृत्तीत फाइलचा ठरावीक तुकडा. १९८८च्या पॉझिक्स प्रमाणकानं दुसरी पद्धत उचलली, तीही एका विचित्र खोडीसकट: प्रोग्रामनं तीच फाइल दुसऱ्या वाटेनं उघडून नुसती बंद केली, तरी त्याचे त्या फाइलवरचे सगळे लॉक सुटतात. शिवाय हे लॉक बहुधा मानले तरच. न विचारता लिहिणाऱ्याला कोणी अडवत नाही. युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्सनं त्या खोडीवर पर्याय दिला तो थेट २०१४ साली. एसक्यूलाइटसारखा छोटा डेटाबेस अजून या लॉकवर चालतो आणि ही खोड स्वतःच सांभाळून घेतो. मोठ्या डेटाबेसांनी मात्र ओळीओळीचे लॉक आपल्याच हाती ठेवले.

आता पुन्हा फेरफाराकडे. महाराष्ट्रात १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. फेरफारावर हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावे लागतात आणि तेवढा वेळ कुठलाही डेटाबेस लॉक धरून बसत नाही. म्हणून सातबाऱ्यावरच 'प्रलंबित फेरफार' असा रकाना आहे. जमीन घेणारा माणूस आधी तोच पाहतो.