कर्कटकापासून संगणकापर्यंत : कल्पित भूमीच्या नकाशालेखनाचे शिक्षण

प्रास्ताविक

अस्तित्वात नसलेल्या भूमीचा नकाशा काढणे ही सामान्यतः करमणुकीची बाब समजली जाते. तथापि थॉमस मोर यांच्या 'युटोपिया' (१५१६) या ग्रंथातच त्या कल्पित बेटाचे चित्र होते. म्हणजे ही परंपरा किमान पाच शतकांची आहे. १९९० नंतर संगणकीय साधने आली आणि ती असंख्य हौशी व्यक्तींच्या हाती गेली. या साधनांनी रेखाटन सोपे केले, हे निर्विवाद होय. नकाशा काढावयास शिकणे सोपे झाले काय, हा प्रश्न मात्र वेगळा असून प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

शब्द आणि नकाशा

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८८१ साली स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे एका बेटाचा रंगीत नकाशा काढला व त्यातून 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी स्फुरली. पुढे पुस्तक छापण्याच्या वेळी, पाठविलेला नकाशा प्रकाशकांना मिळालाच नाही, असे कळले. आता क्रम उलटा झाला. संपूर्ण पुस्तक तपासून त्यातील प्रत्येक स्थलोल्लेख टिपणे आणि कर्कटक हाती घेऊन त्या सर्वांशी जुळणारा नकाशा रचणे त्यांना भाग पडले. त्यांचे वडील थॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहांचे अभियंते. त्यांच्या कार्यालयात हा दुसरा नकाशा सिद्ध झाला. त्यावर गलबते व देवमासे आले, आणि कॅप्टन फ्लिंटची 'सही'सुद्धा वडिलांनीच हुबेहूब वठविली. तरीही लेखकाला तो आपला नकाशा कधीच वाटला नाही.

जे. आर. आर. टॉल्किन यांनी आधी नकाशा व मग कथा, हा मार्ग जाणीवपूर्वक पत्करला. चौकटींच्या कागदावर अंतरे मोजून ते पात्रांच्या प्रवासाचा हिशेब ठेवीत. असे असूनही 'द रिटर्न ऑफ द किंग' (१९५५) या खंडासाठी गोंडोर व मॉर्डोर या प्रदेशांचा मोठ्या प्रमाणावरील नकाशा करावयाची वेळ आली तेव्हा अंतरांच्या नोंदीतील ढिलाई उघडी पडली. तो नकाशा त्यांचे पुत्र क्रिस्टोफर यांनी रेखाटला. लहान प्रमाणाचा नकाशा पुष्कळ गोष्टी झाकून नेतो. मोठा नेत नाही. याच कथाविश्वाचा ॲटलास कॅरन विन फॉन्स्टॅड यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्या प्रशिक्षित भूगोलज्ञ असल्याने प्रवासमार्गांबरोबरच भूरूपे, हवामान व वनस्पती यांचेही नकाशे त्यात आले.

संगणकीय साधने

१९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने नकाशाची गरज लेखकांपुरती न ठेवता खेळाडूंपर्यंत नेली. १९९३ मध्ये लंडनच्या प्रोफँटसी या संस्थेने 'कँपेन कार्टोग्राफर' हे सॉफ्टवेअर आणले. त्याचा पाया 'फास्टकॅड' या अभियांत्रिकी रेखांकनाच्या प्रणालीवर होता. त्यामुळे पहिली रेघ ओढण्यापूर्वीच प्रदेशाची लांबी-रुंदी प्रत्यक्ष अंतरात ठरवावी लागते. फोटोशॉपसारख्या चित्रप्रणालीत जुन्या कागदाचा पोत व डाग सुंदर उमटतात. परंतु तेथे प्रमाणाची आठवण कोणी करून देत नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने पहिली, काहीशी रूक्ष वाटच अधिक हिताची ठरते.

किनाऱ्याचे उदाहरण बोलके आहे. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीचा प्रश्न मांडला आणि पुढे त्यातून विकसित झालेल्या फ्रॅक्टल भूमितीमुळे आज एका आज्ञेसरशी सरळ रेघ दंतुर होते. उपसागर कोठे हवा, हे मात्र ती आज्ञा सांगत नाही. डोंगरांचेही तसेच. सर्वेक्षणाच्या नकाशांनी समोच्चरेषा स्वीकारून डोंगरांची चित्रे केव्हाच मागे टाकली. तयार चिन्हसंग्रहांनी ती परत आणली. नवशिका मोकळी जागा भरण्यासाठी डोंगर पेरतो, एकाच सरोवरातून दोन नद्या बाहेर काढतो, नदीला दोन समुद्रांशी जोडतो. पाणी उताराने वाहते व नद्या बहुधा एकत्र येतात, फुटत नाहीत, हा धडा त्याला भूगोलाकडूनच घ्यावा लागतो. अपवाद आहेत : दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको नदीतून फुटणारी कासिकियारे अॅमेझॉनच्या खोऱ्यास मिळते, आणि हंबोल्ट यांनी १८०० साली त्या मार्गाने प्रवास करून याची खात्री केली. पण अपवाद वापरण्यासाठी नियम ठाऊक असावा लागतो.

हिमनद्यांचे अभ्यासक मार्टिन ओ'लिअरी यांनी २०१६ मध्ये केलेली प्रणाली तर संपूर्ण नकाशा आपोआप तयार करते. तीत भूपृष्ठावरील खळगे भरून प्रत्येक ठिकाणच्या पाण्याला समुद्रापर्यंत उतार दिला जातो. ही रीत जलशास्त्रातून घेतलेली आहे. नद्या बिनचूक येतात, परंतु वापरणाऱ्याने त्याविषयी काही ठरविलेले नसते.

टॉल्किन यांच्या स्वतःच्या टिपणांचा एक नकाशा २०१५ मध्ये उजेडात आला व २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने तो मिळविला. चित्रकार पॉलिन बेन्स यांना १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भित्तिनकाशासाठी ही टिपणे दिली होती. हॉबिटन हे गाव ऑक्सफर्डच्या, तर मिनास तिरिथ हे नगर इटलीतील राव्हेनाच्या अक्षांशाजवळ धरावे, असे त्यांत नमूद आहे. तेथील हवामान कसे असावे, हे चित्रकाराला त्यावरून ठरविता येत होते.