१,३९५ महिने : एका शिक्षेचा घटनाक्रम

डिसेंबर २०१०, डेट्रॉइट

रस्त्यापलीकडे चोरीची गाडी उभी आहे. गाडीत टिमोथी कार्पेंटर. समोर मोबाइलचं दुकान. त्याने खूण केली की साथीदार आत घुसतात, पिस्तुलं रोखतात, गिऱ्हाइकांना आणि नोकरांना मागच्या बाजूला हाकतात आणि नोकरांकडूनच नवे स्मार्टफोन पिशव्यांत भरून घेतात. मग सगळे जवळच कुठेतरी जमतात, पिस्तुलांची आणि गाडीची वाट लावतात, माल विकतात. दरोड्याची ही पद्धत पुढे साथीदारांनीच कोर्टात सांगितली. दुकानं रेडिओशॅकची आणि टी-मोबाइलची. बेत बहुतेक वेळा कार्पेंटरचा, पिस्तुलंही बरेचदा त्यानेच पुरवलेली.

काउंटरमागे उभ्या असलेल्या पगारी नोकराने हा प्रसंग कसा सोसला असेल, ते या प्रकरणावर लिहिताना फार कमी जण लिहितात. पुढे जे घडलं ते मला अन्यायाचं वाटतं. पण त्या नोकरांची भीती खरी होती आणि तिची शिक्षा व्हायलाच हवी होती.

मार्च २०११

मिशिगन आणि शेजारच्या ओहायोत मिळून नऊ दुकानं लुटून झाली आहेत. टोळीतली माणसं दर वेळी बदलतात. गाडी हाकायला, पाळत ठेवायला आलटूनपालटून पंधरा जण.

एप्रिल २०११

चौघे पकडले जातात. त्यातला एक कबुली देतो आणि आपला व इतरांचे मोबाइल नंबर एफबीआयच्या हवाली करतो. दरोड्यांच्या सुमारास त्याने कुणाकुणाला फोन केले, याचा शोध सुरू होतो.

मे-जून २०११

आपल्याकडे गुन्ह्याच्या बातमीत ‘टॉवर लोकेशन’ हा शब्द आता सर्रास येतो. कार्पेंटरबद्दल सरकारी वकिलांनी मागितलं ते हेच. त्यासाठी झडतीचं वॉरंट त्यांनी घेतलं नाही. १९८६ च्या एका कायद्यानुसार, तपासाला ही माहिती उपयोगी पडेल असं मानायला वाजवी कारण दाखवलं की मॅजिस्ट्रेटचा आदेश मिळे, तो त्यांनी मिळवला. वॉरंटला लागतो तेवढा सबळ आधार त्याला लागत नसे. एका कंपनीकडे १५२ दिवसांची नोंद मागितली, १२७ दिवसांची मिळाली. दुसरीकडून आणखी दोन दिवसांची.

एकूण १२,८९८ ठिकाणं. दिवसाला सरासरी १०१, म्हणजे साधारण दर चौदा मिनिटांना एक. या माणसाचा तासातासाचा घटनाक्रम कुणी पोलीस लिहीत नव्हता. फोन लागला की टॉवर लिहीत होता, फोन ठेवला की पुन्हा लिहीत होता. तो दरोड्याला गेला तेव्हाही, आणि दरोड्याशी काडीचा संबंध नसलेल्या शेकडो तासांतही.

आरोपपत्र

दुकानावरचा दरोडा हा एरवी राज्याच्या पोलिसांचा विषय. पण १९४६ चा हॉब्ज कायदा आंतरराज्य व्यापाराला बाधा आणणारा दरोडा फेडरल गुन्हा ठरवतो आणि त्याला वीस वर्षांपर्यंत शिक्षा सांगतो. कार्पेंटरवर दरोड्याचे सहा आरोप ठेवले गेले. त्यांच्याशी जोडून पिस्तुलाचे आणखी सहा. माझ्या मते त्याचं पुढचं आयुष्य इथेच ठरलं. निकालाला अजून बराच अवकाश होता, तरीही.

खटला

सात साथीदार त्याच्याविरुद्ध साक्ष देतात. एफबीआयचा तज्ज्ञ नकाशे मांडतो: दरोड्यांच्या सुमारास फोन त्या त्या दुकानापासून अर्धा ते दोन मैलांच्या आत होता. ज्युरी सगळे आरोप मान्य करते, पिस्तुलाचा एक सोडून.

शिक्षेचा दिवस, २०१४

आपल्याकडच्या बातमीत शेवटी बहुधा एक ओळ असते, सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत. पिस्तुलाच्या या अमेरिकी कलमात ती सोय नाही. शिक्षा एकापाठोपाठ एकच भोगायची, आणि किमान किती हे न्यायाधीशाच्या हाती नाही.

पहिला आरोप: पाच वर्षं. ६० महिने.

दुसरा. हा ‘पुन्हा केलेला गुन्हा’ धरतात, म्हणून पंचवीस वर्षं. आधीचे धरून ३६० महिने. मधे त्याला कधी या कलमाखाली शिक्षा झाली, तुरुंग भोगून सुटला, तरी सुधारला नाही, असं काही घडलेलं नाही. दोन्ही आरोप एकाच खटल्यातले, एकाच निकालपत्रातले. तरीही दुसरा तो दुसराच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये डील खटल्यात ठरवून टाकलं होतं.

तिसरा: ६६०.

चौथा: ९६०.

पाचवा: १,२६०. एकशे पाच वर्षं झाली आणि दरोड्यांची शिक्षा अजून मोजलेलीच नाही.

दरोड्यांचे १३५ महिने. एकूण १,३९५. एकशे सोळा वर्षं तीन महिने, दहा लाखांहून जास्त तास. फेडरल तुरुंगातून पॅरोलवर सुटण्याची वाट नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांसाठी बंद झालेली आहे. चांगल्या वर्तनाची सूट वर्षाला फार तर ५४ दिवस.

सहाव्या सर्किटचं अपील न्यायालय एप्रिल २०१६ मध्ये शिक्षा कायम करतं. ती क्रूर किंवा असाधारण ठरत नाही.

२२ जून २०१८, वॉशिंग्टन

सर्वोच्च न्यायालय, ५ विरुद्ध ४. सरन्यायाधीश रॉबर्ट्स लिहितात की अशा नोंदींसाठी पोलिसांना एरवी वॉरंट घ्यावंच लागेल. अमेरिकेतल्या प्रत्येक मोबाइलधारकाच्या हक्काला आता कार्पेंटरचं नाव जोडलेलं आहे.

त्याला स्वतःला काय मिळालं? जून २०१९ मध्ये सहाव्या सर्किटने सांगितलं की पोलीस तेव्हाच्या कायद्यावर प्रामाणिकपणे विसंबून वागले होते, म्हणून तो पुरावा बाद होणार नाही.

२१ डिसेंबर २०१८

सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालानंतर सहा महिन्यांनी ‘फर्स्ट स्टेप’ कायद्यावर सही झाली. पंचवीस वर्षांचा बोजा आता आधीच्या गुन्ह्याचा निकाल अंतिम झाल्यानंतर केलेल्या गुन्ह्यालाच. हा हिशेब याच आरोपांना लावला तर पाच वेळा पाच वर्षं आणि वर १३५ महिने, म्हणजे ४३५ महिने, छत्तीस वर्षं तीन महिने. सशस्त्र दरोड्यांना हे कमी आहे असं कोण म्हणेल?

पण सही होण्यापूर्वी ज्यांना शिक्षा सुनावली गेली, त्यांना संसदेने हा हिशेब दिला नाही. ज्यांची जुनी शिक्षा रद्द होऊन पुन्हा सुनावणी होते त्यांचं काय, यावर कोर्टांत आणखी साडेसहा वर्षं गेली. जून २०२५ मध्ये डॅलसकडच्या बँक दरोडेखोरांच्या ह्युइट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा ५ विरुद्ध ४, त्यांना नवा कायदा लागू केला. ज्यांची जुनी शिक्षा कधीच रद्द झाली नाही, त्यांना त्या निकालाने काही दिलेलं नाही.