पिन टाकली का?

आमचे अण्णामामा एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर माझ्या जुन्या स्कूटरचा ताबा त्यांनी आपणहून घेतला होता. मागचं चाक काढून मी परत बसवलं, की ओसरीवरून आवाज यायचा, "पिन टाकली का रे?" नट कितीही आवळा, हादऱ्यानं तो सैल होतोच. म्हणून त्याच्या खाचेतून स्प्लिट पिन घालायची आणि तिचे पाय वाकवायचे. दोन रुपयांची वस्तू. मला तेव्हा हे म्हातारपणीचं खूळ वाटायचं.

गेले काही दिवस चीनच्या विमानसेवेचा इतिहास वाचतोय आणि मामा सारखे आठवतायत.

त्या देशाच्या नागरी विमानसेवेची सुरुवातच नाट्यमय आहे. नोव्हेंबर १९४९ मध्ये हाँगकाँगला अडकलेल्या दोन चिनी विमान कंपन्यांनी बाजू बदलली आणि त्यांची १२ विमानं साम्यवादी चीनमध्ये उतरली. नव्या राज्याचं भांडवल एवढंच. पुढची कित्येक वर्षं बहुतेक विमानं सोव्हिएत बनावटीची होती. १९७२ साली निक्सन येऊन गेले आणि त्याच वर्षी चीननं १० बोइंग ७०७ मागवली. ७०७ साठी म्हणून घेतलेल्या जादा इंजिनांवर शांघायमध्ये एक स्वदेशी विमान उभं राहिलं, 'युन-१०'. ते २६ सप्टेंबर १९८० ला उडालं, पुढे ल्हासापर्यंतही जाऊन आलं; पण काही वर्षांतच तो प्रकल्प गुंडाळला गेला. उडवता आलं, उद्योग उभा राहिला नाही.

१९७८ साली अख्ख्या चीनमध्ये वर्षभरात विमानानं गेलेले प्रवासी होते साधारण २३ लाख. मग दारं उघडली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एकाच सरकारी खात्यातून सहा मोठ्या विमान कंपन्या निघाल्या, शिवाय प्रांतोप्रांतीच्या वेगळ्याच. विमानं विकत मिळतात हो, पैसे मोजले की झालं. पण ती रात्री हँगरमध्ये उघडून सकाळी नीट बंद करणारी माणसं कुठून आणायची?

६ जून १९९४. शिआनहून ग्वांगझूला निघालेलं टुपोलेव्ह-१५४ उड्डाणानंतर काही मिनिटांतच हेलकावे खाऊ लागलं आणि हवेतच तुटलं. १६० माणसं होती. एकही वाचलं नाही. चौकशीत निघालं काय, तर दुरुस्तीच्या वेळी ऑटोपायलटच्या दोन जोडण्या एकमेकींच्या जागी बसवल्या गेल्या होत्या. नाक वळवण्याची आज्ञा पंख कलवणाऱ्या यंत्रणेकडे आणि कलण्याची आज्ञा वळवणाऱ्या यंत्रणेकडे. वैमानिक सावरायला जितकं धडपडले असतील, तितकं विमान बिघडत गेलं असणार.

पाच वर्षांनी, २४ फेब्रुवारी १९९९ ला, तसंच दुसरं विमान वेन्झोऊजवळ उतरता उतरता कोसळलं. ६१ मृत्यू. यावेळी कारण होतं एक नट. विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या यंत्रणेत पिनवाला नट हवा होता, तिथे भलताच नट लावला होता. तो फिरत फिरत निघून गेला...

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो.

चीननं यावर काय केलं? टुपोलेव्ह हळूहळू काढून टाकली, हा सोपा भाग. अवघड भाग त्याआधीच सुरू झाला होता. १९८९ मध्ये बीजिंगला एअर चायना आणि लुफ्तान्सा यांनी भागीदारीत देखभालीची कंपनी काढली. १९९३ मध्ये शियामेनला हाँगकाँगच्या 'हेको'नं भागीदारीत केंद्र स्थापलं. हाँगकाँगमध्ये १९५० पासून विमानं दुरुस्त करणारे हे लोक. पुढे जगभरची जंबो विमानं शियामेनला येऊ लागली. या भागीदाऱ्यांतून आल्या त्या सवयी. कुठलं काम कुणी केलं, कुणी तपासलं, खाली सही कुणाची? हेच ते कंटाळवाणं काम.

ऑगस्ट २०१० मधल्या यिचुनच्या अपघातानंतर अकरा वर्षांहून अधिक काळ चीनमध्ये मोठा प्रवासी अपघात झाला नाही. २०१९ मध्ये तर ६६ कोटी प्रवासी उडाले. मार्च २०२२ मध्ये ती साखळी तुटली, १३२ जण गेले. ही पाटी रोज कोरीच असते, कालची पुण्याई आज कामाला येत नाही.

२८ मे २०२३ ला 'सी-९१९' हे चिनी विमान प्रवासी घेऊन शांघायहून बीजिंगला गेलं. टाळ्या पडल्या, पेपरांत फोटो आले. इंजिनं मात्र अजून परदेशीच. 'युन-१०' पासून ते विमान यायला चाळीसेक वर्षं लागली. मला वाटतं, त्यातला बराच काळ विमान बनवण्यात नव्हे, तर विमान सांभाळायला शिकण्यात गेला असावा. पण त्याला कोण टाळ्या वाजवणार?

आपल्याकडेही नव्या विमानांच्या मागणीचे आकडे मथळ्यात असतात. ते वाचताना मला ओसरीवरचा आवाज ऐकू येतो. मामा आता नाहीत. स्कूटरही विकली. त्या प्रश्नाला मी तेव्हा बरेचदा नुसतंच "हो हो" म्हणायचो, आणि ते काही न बोलता उठून, वाकून, स्वतः बघायचे.