मारिओ आणि सॉनिक : दोन प्रतिस्पर्धी एकाच मैदानात

व्हिडिओ गेमच्या विश्वात निन्टेन्डो कंपनीचा ‘मारिओ’ आणि सेगा कंपनीचा ‘सॉनिक’ ही पात्रे दीर्घकाळ परस्परांचे प्रतिस्पर्धी म्हणून ओळखली गेली. दोन्ही कंपन्या जपानी आहेत. या दोन नायकांचा एकत्रित असा पहिला खेळ २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

उगम आणि स्पर्धा

शिगेरू मियामोतो यांनी निर्माण केलेला मारिओ १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळात प्रथम दिसला. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने त्याला जगभर ओळख मिळवून दिली. त्याला तोडीस तोड म्हणून सेगाने जून १९९१ मध्ये ‘सॉनिक’ हा निळा, वेगवान हेजहॉग बाजारात आणला. अमेरिकेत सेगाने हा खेळ आपल्या गेम यंत्रासोबतच देण्यास प्रारंभ केला. यंत्राची विक्री नायकाच्या लोकप्रियतेवर अवलंबून असल्याने दोघांनी एकत्र येणे तेव्हा अशक्यप्राय होते.

साम्यस्थळे

दोन्ही खेळांत नायक धावत, उड्या मारत पुढे जातो. मारिओ नाणी गोळा करतो, तर सॉनिक सोनेरी कडी. शंभर नाणी वा शंभर कडी जमल्यास एक जीव वाढतो. परंतु सॉनिकची कडी त्याचे कवचही आहेत. एक जरी कडे जवळ असले, तरी शत्रूचा आघात सहसा प्राणघातक ठरत नाही. मात्र जमवलेली कडी विखुरतात. मारिओला भाऊ लुइजीची, तर सॉनिकला मित्र टेल्सची साथ लाभते. मारिओच्या खेळात अचूक उडीला महत्त्व आहे, तर सॉनिकच्या खेळात वेगाला.

एकत्र आगमन

गेम यंत्रांचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय सेगाने जानेवारी २००१ मध्ये जाहीर केला आणि स्पर्धेचे मूळ कारणच संपले. त्याच वर्षाच्या अखेरीस सॉनिकचे खेळ निन्टेन्डोच्या यंत्रांवर उपलब्ध झाले. बीजिंग ऑलिम्पिकवर आधारित पहिला संयुक्त खेळ नोव्हेंबर २००७ मध्ये आला. पुढे वँकुव्हर, लंडन, सोची, रिओ आणि टोकियो ऑलिम्पिकच्या निमित्ताने त्याचे नवे भाग निघाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी मात्र या मालिकेत भर पडली नाही.

जानेवारी २००८ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’ या द्वंद्वखेळातही दोघे समोरासमोर आले. ‘सॉनिक लॉस्ट वर्ल्ड’ (२०१३) या खेळात नंतर जोडलेल्या एका विनामूल्य टप्प्यात सॉनिक मारिओचा सोबती योशी याच्या बेटावर धावतो.

अपूर्ण भेट

या भेटी प्रामुख्याने क्रीडांगणात किंवा द्वंद्वाच्या आखाड्यात घडल्या. धावण्या-उडण्याच्या ज्या प्रकाराने दोघांना कीर्ती मिळवून दिली, त्या प्रकारातील संयुक्त साहसखेळ मात्र दोन्ही कंपन्यांनी आजवर काढलेला नाही.