गोसावी आलेली बाजरी

मिरगाचा पाऊस झाला की आमच्या आष्टी तालुक्यातल्या घरी आजी उतरंडीतलं तिसरं मडकं खाली घ्यायची. त्यात राखेत घोळलेलं बाजरीचं बी असायचं. आदल्या वर्षी काढणीच्या आधी ती एकटीच रानात फिरून कणसं निवडायची. दाणा गच्च हवा आणि अंगावर कुसं हवीत, कारण कुसाळ कणसावर पाखरं कमी बसतात. हे बी तिला तिच्या सासूकडून आलं होतं. शेजारच्या वाडीतलं बी वेगळं, डोंगरापलीकडच्या पाटोद्याकडचं आणखी वेगळं.

सत्तरच्या आसपास वडिलांनी हायब्रीडची पहिली पिशवी आणली. ‘एचबी’ मालिकेतलं ते बी. लुधियानात दिलबागसिंग अठवाल यांनी १९६५ मध्ये एचबी-१ हे देशातलं पहिलं संकरित बाजरीचं वाण दिलं होतं. त्याची मादी होती टिफ्ट २३ए. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाच्या गावी ग्लेन बर्टन यांनी ती तयार केली होती. एचबी-३ ची मादीही तीच.

मादी परदेशातून आणण्याचं कारण बाजरीच्या फुलात आहे. कणसावर बारीक फुलं इतकी दाट असतात, की चिमट्यानं नर काढायला बसलो तर एका वाफ्यात आयुष्य सरेल. म्हणून पराग मुळातच न धरणारं झाड हवं होतं. टिफ्ट २३ए तसं होतं. तो गुण येतो पेशीतल्या तंतुकणिकांमधून.

माध्यमिक शाळेत मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र, एवढं एक वाक्य मुलं पाठ करायची. त्यापुढचं त्यांना बाजरीच्या रानात नेऊन सांगायला हवं होतं. भाकरीतली साखर प्राणवायूच्या मदतीनं सावकाश जाळून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा करायची, हे तंतुकणिकांचं काम. त्यांच्याजवळ केंद्रकापासून वेगळा असा स्वतःचा थोडा डीएनए असतो, आणि बाजरीत तो बियाण्यात उतरतो तो आईकडूनच. परागकोशात पराग पोसणारा एक थर असतो. मक्यात मोजलं तर पराग घडताना त्या थरातल्या पेशींमधल्या तंतुकणिका चाळीस पटींपर्यंत वाढतात, इतकं ते काम ऊर्जा खातं. तंतुकणिकांच्या डीएनएत एखादा गुण असा असतो, की झाड उंच, हिरवंगार, सशक्त वाढतं आणि ऐन पराग घडण्याच्या वेळी परागकोश सुकून जातो. दुसऱ्या वाणाच्या पित्यानं आपल्या केंद्रकातून ही उणीव भरून काढली, की शेतकऱ्याच्या रानात कणीस पुन्हा भरतं.

आणि ते भरलं. वडिलांचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. १९७०-७१ साली देशात बाजरी ८० लाख टनांवर गेली होती. बाहत्तरचा दुष्काळ आम्ही खडी फोडून काढला. त्यानंतर जास्त पिकणारं बी कोण नाकारणार होतं? आजीनं मात्र सवयीनं हायब्रीडचीही कणसं निवडून मडक्यात ठेवली. पुढच्या वर्षी रान उंच-बुटकं झालं, काही कणसांवर पिवळी धूळच दिसेना. ती कणसं आजी हाताच्या पाठीवर झटकून पाहायची, हात कोराच राहायचा. त्यानंतर तिसरं मडकं रिकामं झालं. दरसाल पिशवी येऊ लागली.

मग गोसावी आला. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा गुंता, गोसाव्याच्या जटांसारखा, आत एक दाणा नाही. या केवडा रोगानं सत्तरच्या दशकात देशभर एचबी वाणं झोडपली. आमच्या रानात आजी एकेक ताट उपटत बांधावर टाकत होती आणि कुणाशी बोलत नव्हती.

त्याच सुमारास, १९७० मध्ये, अमेरिकेत मक्यावर करपा पडला होता. तिथला बहुतेक मका एकाच तंतुकणिकेच्या आईचा होता. तिच्यातलं एक प्रथिन बुरशीच्या विषानं तंतुकणिकेला भोकं पाडत असे. हे वाचल्यावर कित्येक वर्षं मी आमच्या गोसाव्याचं खापरही तंतुकणिकेवर फोडत होते. ते खरं नाही. पुढच्या प्रयोगांत दिसलं की टिफ्ट २३ए चा दुबळेपणा तिच्या केंद्रकातल्या जनुकांचा होता. केंद्रक बदलून रोगाला टिकणारी संकरित वाणं आली, आमच्याकडे राहुरीची श्रद्धा आणि सबुरी आली, आणि त्यांनी घरं तारली.

तरी एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. देशातल्या बहुतेक संकरित बाजरीत आजही तंतुकणिका टिफ्टनच्या त्या एकाच मातृवंशाच्या आहेत. पूर्वी घरागणिक वेगळी असलेली आई आष्टीपासून गेवराईपर्यंत जवळजवळ एक झाली. पुढची बुरशी याच तंतुकणिकेला भोक पाडणारी निघाली तर? असं घडेलच असं नाही. पण मक्याचं उदाहरण डोळ्यांसमोर असताना इतर मातृवंश राखून ठेवणं मला घराच्या पायाइतकं गरजेचं वाटतं.

माझी भावजय आता धनशक्ती पेरते. लोह जास्त असलेलं हे सुधारित वाण आहे, संकरित नाही. त्याच्या आधीच्या आयसीटीपी ८२०३ या वाणाचं मूळ आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या गावरान बाजरीत आहे. धनशक्तीचं बी घरी धरता येतं. शेजाऱ्याच्या हायब्रीडचे पराग वाऱ्यानं येतात, म्हणून ती बांधाकडच्या ओळी सोडून रानाच्या मधोमधची कणसं निवडते. आजीचं मडकं फुटलं. भावजय प्लास्टिकचा डबा वापरते. राख मात्र चुलीचीच घालते.