ऐरण आणि अधिकरण

मुंबई-पुण्याकडील कोणतेही वृत्तपत्र उघडावे, त्यात एखादा तरी प्रश्न 'ऐरणीवर' आलेला असतोच. कधी पाण्याचा, कधी सीमेचा, कधी शिक्षकांच्या वेतनाचा. इकडे परप्रांतांतील कचेऱ्यांत एखादे विधेयक अगर योजना 'ऑन द ॲन्व्हिल' असल्याचे इंग्रजी टिपणांत आपण सारेच लिहीत असतो. वस्तू एकच, पण अर्थ दोन. इंग्रजी टिपणातील ऐरणीवर काहीतरी घडत असते. मराठी मथळ्यातील ऐरणीवर प्रश्न नुसता येऊन बसलेला असतो, त्यावर घाव पडला की नाही हे मथळा सांगत नाही. लोहारास हा प्रकार मुळीच समजणार नाही. भट्टीत लाल झाल्यावाचून लोखंड ऐरणीवर येत नाही, आणि आल्यावर तेथे ते विसावत नाही. लाली उतरण्याच्या आत घाव घालावे लागतात, नाहीतर पुन्हा भट्टी आणि पुन्हा भाता.

या शब्दाच्या वापरात एवढी सैलता आली, तेव्हा त्याचे मूळ पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले. ऐरण हा शब्द 'अधिकरणी' या शब्दापासून आला. पालीत तो याच रूपात आढळतो, प्राकृतात त्याचे 'अहिगरणी' झाले, पुढे मधला गकारही झिजला आणि मराठीस 'ऐरण' मिळाली. झिजून झिजून गुळगुळीत झालेल्या या शब्दात एक चांगले भारदस्त व्याकरण दडलेले आहे. ज्यावर क्रिया घडते तो आधार म्हणजे अधिकरण, अशी पाणिनीने या संज्ञेची व्यवस्था लावली आहे. आपण शाळेत घोकलेली सप्तमी ती हीच. लॅटिन भाषेने ऐरणीस 'इन्कुस' म्हटले, जर्मनने 'आम्बोस' म्हटले. दोन्ही शब्दांत ठोकणे आहे. इंग्रजी 'ॲन्व्हिल'च्या पोटातही मारण्याचाच धातू आहे. म्हणजे त्या लोकांनी तिच्यावर पडणारा घाव पाहिला. आपल्याकडे घाव न पाहता आधार पाहिला गेला. हा भेद आम्हांस लहान वाटत नाही.

वाचकांपैकी बहुतेक सरकारी अधिकारी असल्यामुळे पुढील गोष्ट त्यांस गमतीची वाटेल. ज्या 'अधिकरण' शब्दाची ऐरण झाली, तोच शब्द गुप्तकाळी कचेरीस लावीत. वैशाली येथील उत्खननात सापडलेल्या मातीच्या मुद्रांवर तो आहे. 'मृच्छकटिका'च्या नवव्या अंकात चारुदत्ताचा खटला चालतो तोही अधिकरणातच, आणि न्यायाधीश 'अधिकरणिक' म्हणवितो. आज बांगलादेशात असलेल्या दिनाजपूर भागात दामोदरपूर येथे 1915 मध्ये जे ताम्रपट मिळाले, त्यांत कोटिवर्ष विषयाच्या अधिकरणापुढे आलेले जमिनीच्या विक्रीचे व्यवहार नोंदलेले आहेत. त्या कचेरीत राजाच्या अधिकाऱ्याबरोबर नगरश्रेष्ठी, सार्थवाह, प्रथमकायस्थ आणि प्रथमकुलिक बसत. कुलिक म्हणजे कारागिरांचा मुखिया, असा अर्थ पुष्कळ विद्वान करतात. कचेरीवरून ऐरणीस नाव मिळाले किंवा ऐरणीवरून कचेरीस, असे मात्र कोणी समजू नये. ज्यावर काम टेकवून करावयाचे ती जागा, एवढ्याच अर्थाने दोघींनी एकाच घरातून नाव घेतले.

पाली शब्द जेथे भेटतो ती कथाही सांगण्याजोगी आहे. सूचिजातकातील बोधिसत्त्व काशीच्या राज्यात एका गरीब लोहाराच्या घरी जन्मतो. शेजारी हजार घरांचे लोहारांचे गाव. तेथील मुख्याची मुलगी त्याच्या मनात भरते. तो एक सुई घडवून त्या गावात विकावयास नेतो. लोहारांच्या गावात सुया विकणे हे वेडच. मुलगी तसे बोलूनही दाखविते. मग सभेपुढे परीक्षा होते. पाण्याच्या पात्रावर ऐरण ठेवून तो सुईवर घाव घालतो. सुई ऐरण भेदून खाली पाण्याच्या पृष्ठावर स्थिर राहते. लग्न अर्थातच होते. जी कधी हटत नाही तिलाच भेदल्यावाचून कारागिराची थोरवी पटावयाची नाही, हे कथाकाराने बरोबर ओळखले होते.

गुजरातेत बदली झालेल्यास 'एरण' ऐकू येईल आणि पंजाबात 'अहिरण'. नानकदेवांच्या जपुजीतील 38व्या पौडीत बुद्धीस ऐरण कल्पिले आहे. हिंदी मुलखात आता 'निहाई' चालते, बंगाल्यात 'नेहाइ'. कर्नाटकात 'अडिगल्लु' म्हणजे खालचा दगड, हा शब्द आहे. तो आमच्या शब्दाचा नातलग नव्हे, पण विचार त्याच वळणाचा. तुकोबांनी ऐरणीवर हिरा ठेवून घणाखाली त्याची पारख केली, तेव्हा आधारास कसोटीचा अर्थही लाभला. हा अर्थ मथळ्यांना उसना घेता आला असता.

यंत्रयुगाने ऐरणीचे महत्त्व घटविले नाही. कारखान्यातील पडत्या घणाचे वजन 1 टन असेल, तर खालची ऐरण 15 ते 20 टनांची लागते. ती हलकी असली तर घावाची शक्ती लोखंडाचा आकार बदलण्याऐवजी ऐरण हलविण्यात खर्च होते, आणि जमीनही हादरते. वजन वाढवीत गेल्यास पायाचा खर्च वाढतो. म्हणून फार मोठ्या कामासाठी अशी यंत्रे निघाली की ज्यांत दोन घण समोरासमोर येऊन मधल्या तप्त लोखंडावर आदळतात. तेथे ऐरण नाहीच. त्यांत कोणास अधिकरण म्हणावे, हे सांगावयास पाणिनीसच पाचारण करावे लागेल.