भट्टीच्या तोंडाशी

भट्टीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अग्नीचे, इंधनाचे आणि धातूंचे वर्णन आजवर विपुल केले आहे. परंतु तापलेली वस्तू आतून कोणी काढली, कशाने काढली आणि किती क्षणांत काढली, या तपशिलाकडे त्यांची दृष्टी क्वचितच वळली. माझ्या मते या साऱ्या व्यवसायाचे मर्म त्याच उपेक्षित कामात साठलेले आहे.

१७४० च्या दशकात इंग्लंडातील शेफील्डच्या परिसरात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने, कमानीला लागणारे एकजिनसी पोलाद कोठे मिळेना म्हणून, मातीच्या मुशीत पोलाद वितळविण्याची रीत सिद्ध केली, आणि पुढे दीर्घकाळ त्या शहराची कीर्ती याच रीतीवर उभी राहिली. मुशीची माती अनवाणी पायांनी तुडवून तुडवून एकजीव करीत. कोकच्या धगीत तीन-चार तास राहिलेली मूस जमिनीच्या पातळीवरील भोकातून वर खेचण्याचे काम मात्र एका खास कामगाराकडे असे. हातपाय पाण्याने भिजविलेल्या गोणपाटात गुंडाळून, धगधगत्या भोकाच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून, तो वाकून लांब सांडशीने पंधराशे अंशांहून अधिक तापलेली ती मूस एका दमात उचलून घेई. ज्या पोलादाच्या कात्र्या आणि वस्तरे जगभर नावाजले गेले, ते पोलाद प्रथम याच माणसाच्या बाहूंतून गेलेले होते, आणि त्याचे नाव बहुधा कोणत्याही दप्तरी नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते.

त्याच शेफील्डमध्ये हेन्री क्लिफ्टन सॉर्बी याने १८६० च्या दशकात पोलादाचा पृष्ठभाग घासून, आम्लाने खोदून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पुढे १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये ल शातलिए याने प्लॅटिनमच्या तारांची तापमापक जोडणी व्यवहारोपयोगी केली, आणि लोहाराच्या डोळ्याने रंगावरून केलेल्या अंदाजाच्या जागी आकडा आला. उष्णता मोजली गेली. हात मात्र अमोजित राहिला. वस्तुतः पोलादाला पाणी देताना, आठशे-साडेआठशे अंशांवर तापलेला भाग भट्टीतून निघून तेलात वा पाण्यात बुडेपर्यंत जो अवधी जातो, तो लांबला की धातूच्या घडणीत मऊ अंश शिरतो आणि अपेक्षित कठीणपणा येत नाही; ॲल्युमिनियमच्या काही मिश्रधातूंच्या पातळ पत्र्यांना तर ही मुदत दहा सेकंदांचीही नसते. सकाळच्या पाळीतील ताजा कामगार आणि रात्रपाळीच्या अखेरीस थकलेला कामगार यांच्या हालचालीतील दोन-तीन सेकंदांचे अंतर मालाच्या कसात उतरते, आणि त्याचा दोष मात्र भट्टीच्या माथी मारला जातो.

या हाताला पर्याय देण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. जॉर्ज डेव्हॉल याने १९५४ मध्ये दाखल केलेल्या आणि १९६१ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटाचा विषयच मुळी ठरविलेल्या क्रमाने वस्तू इकडून तिकडे नेणे हा होता. जोसेफ एंगलबर्गर याच्या साहाय्याने त्यातून ‘युनिमेट’ हे यंत्र घडले आणि १९६१ मध्ये न्यू जर्सीतील ट्रेंटनजवळच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात, साच्यातून नुकतेच निघालेले तप्त ओतीव भाग उचलण्यासाठी ते कामाला लागले. सुमारे अठराशे किलो वजनाचे, तेलाच्या दाबावर चालणारे हे अवजड धूड आपल्या हालचालींचा क्रम चुंबकीय पिंपावर साठवून ठेवी. पहिल्या औद्योगिक यंत्रमानवाला मिळालेले पहिले काम धगीपाशी उभे राहण्याचे असावे, ही मला त्या युगाची अत्यंत न्याय्य निवड वाटते.

परंतु अशी यंत्रे परवडतात ती एकाच घाटाचे भाग हजारोंनी काढणाऱ्या कारखान्यांना. ज्या लहान भट्टीवर आज पन्नास दंड, उद्या वीस दातेरी चक्रे येतात, तिथे सांडशीचा अंमल अद्याप चालू आहे, आणि नेमका हाच प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो. विद्यार्थ्याने कारखान्यात शिकावे ही तजवीज हर्मन श्नायडर याने सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ मध्ये अमलात आणली होती. कॅलिफोर्नियातील हार्वी मड महाविद्यालयाने १९६३ पासून कारखान्यांचे खरे प्रश्न विद्यार्थ्यांच्या तुकड्यांकडे सोपविण्यास आरंभ केला, आणि शेवटच्या वर्षाचा असा प्रकल्प आज पुण्यासांगलीच्या महाविद्यालयांतही परिचित आहे. या तुकडीपुढील अडचणी पाठ्यपुस्तकाला सहसा माहीत नसतात: पकडीचे जबडे तापून वाकतात, धगीने संवेदकाच्या तारांचे वेष्टन वितळते, दार पुरते उघडण्यापूर्वी बाहू आत शिरू नये यासाठी स्वतंत्र अटकाव लागतो, आणि भाग जाळीवर थोडा तिरपा पडला तरी सारा हिशेब कोसळतो. तो तिरपा भाग कामगार मात्र मनगटाच्या किंचित वळणाने सरळ करतो, म्हणून सुज्ञ तुकडी आराखड्याचा कागद उलगडण्याआधी हातात घड्याळ घेऊन त्याच्या शेजारी उभी राहते, आणि भाग उचलताना त्याची नजर प्रथम कोठे जाते ते टिपून घेते.